साडूच्या साक्षीची खुर्ची

वेतवाल्याची आणि त्याच्या साडूची पहिली भेट झाली तेव्हा वेतवाला सासऱ्यांच्या मोरीत पालथा पडला होता. मोरीतला नळ कित्येक दिवस आटलेला होता. वेतवाला त्या घरचा थोरला जावई, त्यामुळे घरात जे जे बिघडेल ते त्याच्या हातून दुरुस्त न होणं हा त्याचा हक्कच होता. सकाळपासून तो पाना घेऊन त्या नळाशी झटत होता. नळाने दाद दिली नव्हती, पण पान्याने दोनदा नाकावर प्रसाद दिला होता.

त्याच दिवशी धाकट्या मेहुणीला बघायला एक मुलगा येणार होता. तो आला. त्याने उंबऱ्यात उजवं पाऊल ठेवलं मात्र, आणि नळ खोकला, खाकरला, आणि आषाढातल्या ओढ्यासारखा वेतवाल्याच्या उघड्या तोंडात कोसळला. बैठकीतलं बंद पडलेलं घड्याळ टोले देऊ लागलं. शेजारच्या आंधळ्या मांजराला त्या क्षणापासून दिसू लागलं, असंही पुढे लोक सांगत. पण ते खोटं आहे, त्या मांजराला आधीपासूनच दिसत होतं, ते फक्त आळशी होतं.

वेतवाला निथळत बैठकीत आला तेव्हा सासरे हात जोडून उभे होते. "पायगुण! याला म्हणतात पायगुण!"

"माझं काही नाही हो," पाहुणा लाजत म्हणाला. "येताना वाटेत सहज प्रार्थना केली होती, प्रभू, या घराचं भलं कर. एवढंच."

मग त्याने वेतवाल्याकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं, "आंघोळ चालली होती का तुमची?"

माणूस जन्मभर मनातून उतरायला एवढं पुरतं.

लग्न झालं, साडू रंगाच्या दुकानाचा मालक झाला, आणि वेतवाल्याने त्याला मनातल्या मनात 'ताबडतोब' असं नाव ठेवलं. कारण साडूची कुठलीही प्रार्थना देवाघरी तुंबून राहत नसे. रविवारी दुकानासाठी जागा मागितली, बुधवारी मिळाली. स्कूटर मागितली, मिळाली. भिंतीला ओल आली होती ती जाऊ दे म्हणाला, गेली. आणि वेतवाल्याचं ठाम मत होतं की ती तिथून निघून थेट त्याच्या घरी राहायला आली.

स्वतः वेतवाला खुर्च्या विणायचा. लाकडी चौकटीला छिद्रं असतात, त्यांतून वेताच्या पट्ट्या उभ्या-आडव्या-तिरक्या ओवून बैठक विणायची, हे त्याचं काम. या कामात कौशल्य आहेच, पण त्याहून जास्त आहे ते थांबणं. वेत आधी बादलीत भिजत घालावा लागतो. भिजला की तो दोरीसारखा वळतो, आणि विणून वाळला की आवळून बसतो, मग त्यावर हत्ती बसवा. बादलीचं खातं बायकोकडे असायचं. वेत किती भिजला हे ती पट्टी बोटावर वळवून, कानाजवळ नेऊन सांगे. "अजून कुरकुरतोय. बसू द्या पाण्यात. तुमच्यासारखाच आहे, लवकर नरम पडत नाही."

मग बायकोला ताप आला. ताप गेला तेव्हा जाताना तिच्या पायांतलं बळ घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, वाट पाहा. सासरे म्हणाले, वाट पाहा. जगात ज्याला काही सुचत नाही तो दुसऱ्याला वाट पाहायला सांगतो, असं वेतवाल्याला वाटू लागलं. पण त्याने वाट पाहिली. तिची खाट त्याने कामाच्या खोलीतच आणली, खिडकीपाशी, बादलीच्या शेजारी. रोज संध्याकाळी हत्यारं पुसून झाली की तो खाटेपाशी गुडघे टेकायचा आणि मोठ्याने प्रार्थना करायचा.

ती प्रार्थना ऐकण्यासारखी असे. सुरुवात उपकारस्तुतीने व्हायची, मध्यावर ती साडूकडे वळायची, आणि शेवटी शेवटी तर नळावरच्या भांडणाची कळा यायची.

"प्रभू, त्याला नवीन स्कूटर दिलीस, आनंद आहे. पण त्याच्याकडे एक होतीच की! मी दुसरं काही मागत नाही. हिला उभी कर. नाचायला नको, धावायला नको. उभी. जमेल तेव्हा कर, पण जरा लवकर जमव."

"आमेन," बायको खाटेवरून म्हणायची. "आणि स्कूटरचं पुन्हा पुन्हा नका सांगू. त्यानेच दिलीय, त्याला ठाऊक असेल."

तर अशी वर्षं चालली होती. देव होता, ऐकत होता याबद्दल वेतवाल्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका एवढीच होती की त्याच वेळेला साडू पलीकडून बोलत असावा.

आता त्यांच्या चर्चमधली एक प्रथा सांगायला हवी. ज्याची प्रार्थना पूर्ण होईल त्याने रविवारी पहिलं गीत झाल्यावर पुढे यायचं आणि वेदीशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून साक्ष द्यायची. उभ्याने नव्हे, बसून. फार पूर्वीच्या एका पाळकांचे गुडघे दुखत, त्यांच्यापासून हे सुरू झालं. उभ्याने दिलेली साक्ष लवकर आटपते हे मंडळींच्या लक्षात आलं, तोवर प्रथा पडून गेली होती. ती साक्षीची खुर्ची. आणि त्या खुर्चीत साडू इतक्या वेळा बसला होता की बैठकीत त्याच्या आकाराचा खळगा पडला होता. खळगा फार खोल झाला की पाळकसाहेब खुर्ची वेतवाल्याकडे पाठवीत. दुसऱ्याच्या आशीर्वादांनी झिजलेली बैठक हा माणूस पुन्हा विणून द्यायचा, धर्मादाय. स्वतः मात्र त्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता. दुरुस्तीनंतर कामगार खुर्चीत बसून पाहतो तसाही नाही.

एकदा साडू टेम्पोतून एक भलं मोठं खोकं घेऊन आला. आत चाकांची खुर्ची होती, नवीकोरी, चकचकीत.

"ताईंसाठी," साडू म्हणाला. "मी नुसतं मनात आणलं, साडूभाऊ, आणि एक गिऱ्हाईक म्हणालं, आमच्याकडे पडून आहे, घेऊन जा. देव बघा कसा!"

"बघतोय," वेतवाला म्हणाला.

ती खुर्ची कोपऱ्यात गेली. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही काढला नाही. वेतवाला तिच्यावर वेताच्या मोळ्या टाकू लागला. बायकोने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने मनातलं सांगून टाकलं.

"अगं, तू एकदा का त्या चाकांवर बसलीस, की देवाला वाटेल, चला, हिची सोय झाली. अर्ज निकालात! मग पायांचं कोण बघतंय?"

"म्हणजे देवाला फसवायला मी खाटेवर पडून राहू?"

"फसवायला नाही, आठवण राहायला."

"आणि ती भाऊजींनी आणलीय म्हणून नाही ना?"

"छे!" वेतवाला इतक्या जोरात म्हणाला की शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं.

बायको खिडकीकडे वळली. खिडकीतून रस्ता दिसायचा. पिठाच्या गिरणीपर्यंतचा तुकडा दिसायचा, त्यापुढचा नाही. त्यापुढे काय चाललंय हे तिला बहीण येऊन सांगेल तेवढंच कळायचं.

मग साडू पडला. दुकानात शिडीवरून रंगाचा डबा काढताना खाली आला आणि घोटा दुखावला. वेतवाला त्याला बघायला गेला, हळहळला, आणि घरी येताना गाणं गुणगुणत आला. बायकोने विचारलं, "भाऊजी कसे आहेत?" तो म्हणाला, "वाईट आहे गं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ दिवस लागतील. वाट पाहा म्हणाले." 'वाट पाहा' हे शब्द त्याने जिभेवर खडीसाखर घोळवावी तसे घोळवले.

पुढच्याच रविवारी साडू चर्चमध्ये चालत आला. नुसता चालत नाही, उड्या मारत. साक्षीच्या खुर्चीत बसून त्याने घोट्याची सगळी हकीकत सांगितली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून, "हा बघा, हाच तो पाय!" असं म्हणत खुर्चीवर उभा राहिला आणि बरा झालेला पाय दाणकन आपटला. पाय बैठकीतून आरपार खाली गेला. मंडळी टाळ्या वाजवत होती. वेतवाला तिसऱ्या बाकावर बसून त्या पायाकडे बघत होता. पाय! स्कूटर ठीक होती, दुकान ठीक होतं. पण देवाकडे पाय शिल्लक होते, आणि ते त्याने याला दिले!

"साडूभाऊ," पाय सोडवत साडू ओरडला, "तेवढी विणून ठेवा हं! पुढच्या रविवारी आणखी एक साक्ष आहे माझी!"

खुर्ची घरी आली. वेतवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याने वेताची मोळी सोडली, बादलीकडे पाहिलं, आणि बादली पायाने खाटेखाली सरकवून दिली.

वेत कोरडाच विणायचा त्याने ठरवलं होतं. कोरडा वेत दिसायला तसाच दिसतो. वजन पडलं की पट्टीपट्टीने तुटतो. पण तो विणणं महाकठीण. हातात वळत नाही, छिद्रात शिरत नाही, बोटं सोलवटतात. पट्टी मोडू नये म्हणून वेतवाल्याने श्वास रोखून, जीव ओतून काम केलं. आयुष्यात इतकं मन लावून त्याने एकही चांगलं काम केलं नव्हतं.

"आज बादलीत पाणी ओतल्याचा आवाज नाही आला," बायको म्हणाली.

"नळाला पाणी नाही."

"शेजारीण तर धुणं धुतेय."

"तिचा नळ वेगळा."

बायको बराच वेळ नुसती ऐकत राहिली. वेत कुरकुरत होता. त्या खोलीत इतकी वर्षं पडून राहून तिचे कान आता तिच्या बोटांचंही काम करत.

"कुणाची खुर्ची आहे?"

"चर्चची."

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "रविवारी मला चर्चला न्या."

वेतवाल्याच्या हातातली पट्टी तट्कन मोडली. आजवर चारचौघांनी उचलून न्यायची तयारी दाखवली तेव्हा हीच म्हणाली होती, मला वरातीसारखं मिरवू नका.

"अगं, पण कशी नेऊ?"

"कोपऱ्यात चाकं आहेत. त्यांच्यावरचा तुमचा वेत काढा."

रविवारी सकाळी वेतवाल्याने प्लास्टिकचा कागद टराटरा फाडला आणि बायकोला चाकांच्या खुर्चीत बसवून रस्त्याने ढकलत निघाला. पिठाची गिरणी मागे पडली. बायको मान वळवून वळवून बघत होती. "अय्या, न्हाव्याचं दुकान हललं की! आणि हा दवाखाना कधी झाला? मला कुणी सांगितलं नाही!" तिचा आवाज इतका कोवळा झाला होता की वेतवाल्याला तो ओळखू येईना. खुर्ची मऊ लोण्यासारखी चालत होती. एखादं चाक तरी अडावं, अशी त्याची फार इच्छा होती. अडलं नाही.

पहिलं गीत झालं. साडूने कॉलर सारखी केली, घसा साफ केला आणि उठला. तेवढ्यात मधल्या वाटेवरून आवाज आला.

"भाऊजी, थांबा जरा. आज मी."

 पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. "या, ताई, या! तिथूनच बोला, चाकांच्या खुर्चीतूनच."

"नाही. प्रथा म्हणजे प्रथा. मला त्या खुर्चीत बसवा."

 वेतवाला अर्धवट उठला. "साहेब, ती खुर्ची... ती अजून वाळायची आहे."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "वाळायची? भिजली कधी?"

ते दुसऱ्या कुणाला कळलं नाही. साडूने आणि पाळकसाहेबांनी तिला अलगद उचललं आणि साक्षीच्या खुर्चीत ठेवलं.

तट्.

आवाज एवढासा. पण वेतवाल्याच्या कानात तो तोफेसारखा वाजला. एक पट्टी गेली. बायको वजनाने चिमणी. पण या चिमणीच्या पायांत बळ असतं तर ती तोल सावरून उठली असती. ही बैठकीतून खाली गेली तर दगडी फरशीवर जाणार. तिने बोलायला तोंड उघडलं. तट्. वेतवाला बाकांतून धावला, गुडघ्यांवर पडला, रांगत खुर्चीखाली शिरला आणि पाठ बैठकीला लावून घोडा झाला.

"हालेलुया!" मागून कुणीतरी ओरडलं. मंडळींना वाटलं, याच्या अंतःकरणाला स्पर्श झाला. दोन म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मी फार बोलणार नाही," बायको वरून म्हणाली. "खालच्या माणसाला त्रास होईल. माझे पाय बरे झालेले नाहीत. प्रभूने उभी केलेली नाही मला. करील का नाही, मला ठाऊक नाही. मी रोज मागते, हे रोज मागतात. आमच्या घरी रोज एवढं मागणं होतं की देव आमच्या खोलीतून हलला असेल असं मला वाटत नाही. ज्या दिवशी काही मिळालं नाही, त्या दिवशीही तो होता. मी दिवसभर पडून असते, मला कळतं कोण आलं, कोण गेलं. तो गेलेला नाही. आणि आज मी गिरणीच्या पुढचा रस्ता पाहिला. कितीतरी दिवस ती चाकं घरात होती. मिळालेलं होतं, आम्ही घेत नव्हतो. एवढीच साक्ष."

खुर्चीखाली वेतवाल्याची पाठ थरथरत होती. नाकावरून घाम की काय ते फरशीवर टपटपत होतं.

"आता मला उतरवा," बायको म्हणाली. तिला पुन्हा चाकांवर ठेवलं. मग ती गोड आवाजात म्हणाली, "या भाऊजी. आता तुम्ही बसा."

साडू आला. बसायला वाकला.

"नको!" खुर्चीखालून किंकाळी आली. "बसू नका! मोडेल!"

"का बरं?" साडूने खाली वाकून विचारलं. दोघांची तोंडं समोरासमोर आली. एक उलटं, एक सुलटं.

"कोरडा विणलाय."

"चुकून?"

आता हो म्हणायला किती सोपं होतं. वेतवाल्याने मान वळवली तर खुर्चीच्या पायांमधून बायकोची चप्पल दिसत होती, न झिजलेली.

"नाही," तो म्हणाला. "मुद्दाम. तुमच्यासाठी. तुम्ही मंडळींसमोर पडावं म्हणून. तुम्हाला सगळं मिळतं म्हणून."

माणसाने पापाची कबुली गुडघ्यांवर द्यावी असं म्हणतात. चारी पायांवर दिलेली मंडळींनी पहिल्यांदाच पाहिली. कुणी हसलं नाही. साडू त्या दिवशी साक्ष न देता बाकावर जाऊन बसला, आणि त्याची ती न दिलेली साक्ष लोकांना फार आवडली.

उपासना सुटल्यावर तो पायरीवर वेतवाल्याची वाट बघत उभा होता. वेतवाला मान खाली घालून म्हणाला, "मारा मला. पाहिजे तर त्याच घोट्याने."

"साडूभाऊ, एक सांगू?" साडूचा आवाज पडला होता. "तुमच्या घरावरून संध्याकाळी जाताना मी स्कूटर बंद करतो. तुमची प्रार्थना ऐकतो. तास तास बोलता तुम्ही देवाशी. भांडता, रुसता. मी सकाळी मागतो, संध्याकाळी मिळतं. मग बोलायला काय उरतं? थँक्यू म्हणतो आणि झोपतो. मला तुमचा हेवा वाटतो हो."

 क्षणभर वेतवाल्याला गहिवरून आलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे एवढी एकच गोष्ट स्वतःची होती, हेवा; आणि त्यातही हा माणूस आपल्यापेक्षा उजवा निघाला.

"स्कूटरचं ऐकलंत?" त्याने विचारलं.

"ऐकलं. म्हणूनच जुनी तुम्हाला द्यावी म्हणत होतो, पण ताई म्हणाल्या, तुम्ही तिच्यावर वेत टाकाल."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बादली भरा." त्याने खाटेखालून बादली ओढली, भरली, वेत बुडवला. संध्याकाळी दोघांनी प्रार्थना केली. "प्रभू, हिला उभी कर," तो म्हणाला, आणि जरा थांबून, दात आवळून म्हणाला, "आणि चाकांबद्दल आभार. ज्याच्या हाती पाठवलीस त्याच्याबद्दलही. त्याला आणखी काही द्यायचं असेल तर दे. फार नको."

"आमेन," बायको म्हणाली. खिडकीबाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

खुर्ची भिजल्या वेताने पुन्हा विणली गेली. त्यानंतर बायको दर रविवारी चर्चला गेली, बाजारात गेली, बहिणीकडे गेली, आणि नवऱ्याला रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याबद्दल बोलली. वेतवाला शेवटपर्यंत रोज तेच मागत राहिला. ती कधी उभी राहिली नाही. साक्षीच्या खुर्चीची चौकट पुढे वाळवीने खाल्ली. तेव्हा साडूने प्रार्थना केली, आणि बुधवारी प्लास्टिकची आली.